पायाखालची धग: आइसलँडच्या रेक्यानेसवर एक दिवस फिरताना काय बघायचं आणि ते तसं का आहे

आइसलँडचा केफ्लाविक विमानतळ जुन्या लाव्हाच्या थरांवर उभा आहे. तिथून राजधानी रेक्याविककडे निघालं की पाऊण तास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळपट, खडबडीत, शेवाळाने झाकलेलं रान दिसत राहतं. बरेच प्रवासी त्याला ओसाड समजून सोडून देतात आणि दुसऱ्या दिवशी धबधबे बघायला लांब निघून जातात. ज्या रेक्यानेस द्वीपकल्पावरून ते नुकतेच गेले, तिथे पृथ्वी स्वतःचं कवच कसं तयार करते हे एका दिवसात, चालत हिंडून बघता येतं. जिथे हे कवच तयार होतं ते समुद्रातले डोंगर इतर ठिकाणी हजारो मीटर पाण्याखाली असतात. इथे ते रस्त्याच्या कडेला आहेत.

या भागाच्या एक दिवसाच्या सहली रेक्याविकहून सकाळी निघतात आणि संध्याकाळपर्यंत परत येतात. आठ ते सोळा-अठरा माणसं मावतील अशी गाडी असते आणि एक गाइड, जो बहुतेक वेळा गाडीही स्वतःच चालवतो. क्लेवारवात्न तलाव, सेल्तूनची चिखलकुंडं, नव्या लाव्हाचा पट्टा, गुन्नुक्वेरची वाफ, दोन भूपट्टांमधला (पृथ्वीच्या कवचाच्या दोन प्रचंड तुकड्यांमधला) पूल आणि टोकाचे समुद्रकडे असे थांबे साधारण ठरलेले असतात. क्रम आणि वेळ हवामानावर आणि ज्वालामुखीच्या मर्जीवर अवलंबून.

हे सगळे थांबे वेगवेगळी आकर्षणं म्हणून बघितले तर दिवस संपेपर्यंत डोक्यात नुसती गर्दी होते. त्यांना जोडणारा धागा मात्र सरळ आहे. खालून उष्णता वर येते आहे. वाटेत तिला पाणी भेटतं का, किती भेटतं आणि किती खोलवर भेटतं, यावर जमिनीच्या पाठीवर काय दिसणार ते ठरतं. हे एवढं डोक्यात ठेवून गाडीत बसलात तरी निम्मी सहल समजली.

जमीन फाटते म्हणजे नक्की काय होतं

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. पृथ्वीच्या कवचाखाली वितळलेल्या खडकाचा समुद्र नाही. कवचाखालचं प्रावरण घन आहे. प्रचंड तापलेलं आणि अतिशय संथपणे सरकणारं, पण घन. वरच्या खडकांचा दाब त्याला वितळू देत नाही. जिथे दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात, तिथे मधली जागा भरायला हे प्रावरण वर चढतं. चढताना त्याच्यावरचा दाब कमी होत जातो, तापमान मात्र फारसं उतरत नाही. एका उंचीला आल्यावर त्यातला थोडा भाग वितळतो आणि शिलारस तयार होतो. म्हणजे खडक वितळायला इथे वेगळी आच लागत नाही, दाब सुटला की काम होतं. आइसलँडच्या खाली प्रावरणाचा नेहमीपेक्षा जास्त तापलेला स्रोतही आहे. त्यामुळे शिलारस इतका तयार होतो की समुद्रतळावरची ही डोंगररांग पाण्याच्या वर आली आणि तिचा देश झाला.

अटलांटिक महासागराच्या मधोमध उत्तर-दक्षिण गेलेली ही रांग रेक्यानेसच्या नैर्ऋत्य टोकाला पाण्यातून बाहेर येते. पश्चिमेला उत्तर अमेरिकेचा भूपट्ट, पूर्वेला युरेशियाचा. दोघे वर्षाला साधारण दोन सेंटिमीटर वेगाने दूर जात आहेत.

टोकाजवळ सांडविक इथे २००२ साली बांधलेला एक छोटा पादचारी पूल आहे. खाली वाळूने भरलेली रुंद भेग, दोन्ही बाजूंना बेसाल्टच्या, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाच्या, उभ्या भिंती. 'एक पाय युरोपात, एक अमेरिकेत' असा फोटो इथे सगळे काढतात, तुम्हीही काढा. फक्त एवढं लक्षात असू द्या की दोन भूपट्टांची सीमा म्हणजे एक रेघ नाही. कित्येक किलोमीटर रुंदीचा, शेकडो भेगांनी चिरलेला तो पट्टा आहे आणि पुलाखालची भेग त्यातली एक. चांगला गाइड पुलावर फोटो झाले की गटाला खाली वाळूत उतरवतो आणि भिंतीकडे तोंड करून उभं करतो. लाव्हाचा एकेक थर म्हणजे एकेक उद्रेक, हे तिथे बोट ठेवून दाखवता येतं.

आणखी एक गोष्ट बहुतेकांना चकित करते. दोन सेंटिमीटर हा सरासरीचा आकडा आहे, जमीन दरवर्षी गुपचूप तेवढी उघडत नाही. ताण शतकानुशतकं साठत राहतो आणि मग एकदम सुटतो. या द्वीपकल्पावर साधारण १२४० पर्यंत उद्रेक होत होते. मग जवळपास ८०० वर्षं शांतता. १९ मार्च २०२१ च्या रात्री फाग्रादाल्सफ्यात्ल डोंगराजवळ जमीन फुटली आणि तो उद्रेक १८ सप्टेंबरपर्यंत चालला. ऑगस्ट २०२२ मध्ये आणि जुलै २०२३ मध्ये तिथेच जवळपास पुन्हा.

यानंतरचा टप्पा जास्त गंभीर होता. १० नोव्हेंबर २०२३ च्या संध्याकाळी शिलारस एका उभ्या भेगेत घुसला आणि काही तासांत ती भेग सुमारे १५ किलोमीटर लांब झाली. जोर शिगेला असताना सेकंदाला सुमारे ७,४०० घनमीटर शिलारस आत शिरत होता, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. ही भेग ग्रिंदाविक या मासेमारीच्या गावाखालून गेली होती. गावात सुमारे ३,८०० माणसं राहत होती, ती सगळी रातोरात हलवली गेली. भेग उघडली तेव्हा मधली पट्टी खाली बसली, काही ठिकाणी मीटरभराहून जास्त. १८ डिसेंबरला गावाच्या उत्तरेला सुंदनूकुर या जुन्या ज्वालामुखी-विवरांच्या रांगेत लाव्हा वर आला. जानेवारी २०२४ च्या उद्रेकात तीन घरं जळाली. जुलै २०२५ पर्यंत या एका रांगेतून नऊ उद्रेक झाले.

म्हणून सहलीत ग्रिंदाविकजवळून जाताना हे लक्षात असावं की आपण एखाद्या प्रदर्शनातून चाललेलो नाही. लोकांनी घरं सोडलेलं हे गाव आहे. काही गाड्या तिथे थांबतात, काही थांबत नाहीत. थांबल्या तर घरांच्या खिडक्यांत डोकावू नये आणि कुंपण घातलेल्या जागेत एक पाऊलही टाकू नये. भेगा वरून मातीने झाकल्या गेलेल्या असतात, जमीन सलग दिसते आणि खाली पोकळी असते.

पाणी भेटलं नाही तर: लाव्हा

शिलारस थेट हवेत आला की त्याला लाव्हा म्हणायचं. रेक्यानेसचा लाव्हा बेसाल्टचा, म्हणजे पातळ आणि वाहता, बाहेर पडताना सुमारे १,२०० अंश सेल्सिअस. त्याची दोन रूपं एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी सापडतात. संथ वाहिलेल्या लाव्हावर पातळ साय धरते, आतला रस पुढे सरकताना ती साय ओढली जाते आणि तिला पीळ पडतात. हा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. जोरात वाहिलेला किंवा थंड होत घट्ट झालेला लाव्हा मात्र सायीचे तुकडे करत पुढे जातो आणि मागे धारदार दगडांचा खच सोडतो. त्यावर पडलात तर जीन्ससकट गुडघा फाटतो.

नव्या लाव्हाच्या कडेला उभं राहिलं की हात लावून बघायचा मोह होतोच. कडेचा, थंड झालेला तुकडा हातात घ्या. आश्चर्य वाटेल इतका हलका असतो, कारण आत वायूच्या बुडबुड्यांची भोकं असतात. उजेडात फिरवला तर त्याच्या काळ्या कातडीवर निळसर, जांभळट झाक दिसते. ती काचेची चमक आहे. बाहेरचा थर इतक्या झपाट्याने थंड झाला की खनिजांना स्फटिक बांधायला वेळच मिळाला नाही. भोकाची कड बोटावर ओढू नका, कापते. बघून झाला की तो जिथला तिथे ठेवायचा.

लाव्हावर चढायचं मात्र नाही. यावर सगळे गाइड ठाम असतात आणि त्यामागे साधं कारण आहे. घट्ट झालेला बेसाल्ट उष्णतेचा फार मंद वाहक आहे. वरचं कवच गार पडून त्यावर पाऊस साचला तरी काही मीटर खालचा भाग वर्षानुवर्षं तापलेला राहतो. शिवाय आतला रस वाहून गेलेल्या जागी कवचाखाली पोकळ नळ्या उरतात. कुठलं कवच माणसाचं वजन पेलेल, हे वरून कोणालाच सांगता येत नाही.

२०२१ च्या एका उद्रेकात सुमारे १५ कोटी घनमीटर लाव्हा बाहेर पडला आणि ४.८ चौरस किलोमीटर जमीन झाकली गेली. जुन्या, शेकडो वर्षांच्या लाव्हावर करड्या-हिरव्या शेवाळाची जाड गादी असते. नवा काळा आणि जुना हिरवट लाव्हा जिथे एकमेकांना भिडतात ती रेघ बघण्यासारखी असते. हे शेवाळ फार हळू वाढतं. एकदा पाय पडून उखडलं की ती जखम दशकानुदशकं दिसत राहते. आइसलँडमध्ये रस्ता सोडून गाडी चालवणं बेकायदा आहे त्याचं हेच कारण. मला विचाराल तर शेवाळावर पाय न देण्याचा नियमही तितक्याच कडकपणे पाळायला हवा.

तोच शिलारस बर्फाखाली फुटला तर काय होतं, हे क्लेवारवात्नच्या बाजूला दिसतं. हिमयुगात हा सगळा भाग जाड बर्फाखाली होता. शिलारस बर्फ वितळवत वर आला, त्या गार पाण्यात त्याचा चुरा झाला आणि चुऱ्याचे ढीग पुढे घट्ट होऊन तपकिरी खडक बनले. तलावाच्या दोन्ही अंगाला उभ्या असलेल्या उघड्याबोडक्या डोंगररांगा त्याच. काळा सपाट लाव्हा हवेत वाहिलेला, तपकिरी ओबडधोबड कडा बर्फाखाली झालेला. ही ओळख पटली की गाडीच्या खिडकीतूनही जमिनीचा इतिहास वाचता येतो. तलावाला दिसण्यासारखी मोठी वाट बाहेर नाही, त्याचं पाणी जमिनीतूनच झिरपतं. २००० सालच्या जूनमधल्या भूकंपांनी तळाशी भेगा उघडल्या तेव्हा पाण्याची पातळी काही मीटरनी खाली गेली होती. नंतर ती हळूहळू सावरली.

पाणी थोडंच भेटलं तर: चिखलाची कुंडं

क्रीसुविकजवळचं सेल्तून हा दिवसातला सगळ्यात समृद्ध थांबा आहे. घाई करणाऱ्या सहली इथे वीस मिनिटं देतात. तासभर तरी हवा.

गाडीतून उतरताच सडक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइड वायूचा. लाकडी पायवाट टेकडीच्या पायथ्यातून फिरते आणि दोन्ही बाजूंना जमीन पिवळी, विटकरी, पांढरी, राखाडी. पिवळा रंग गंधकाचा, तांबडा लोहाच्या ऑक्साइडचा, निळसर करडा लोह आणि गंधकाच्या संयुगाचा. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात इथून गंधक खणून परदेशी पाठवत, बंदुकीची दारू बनवायला.

एका चिखलकुंडापाशी थांबा आणि थोडा वेळ फक्त त्याच्याकडेच बघा. राखाडी, दाट चिखल. मध्येच एक जागा फुगते, वरची साय ताणून चकचकीत होते, फुटते, चिखलाचे थेंब वर उडून कडेवर बसतात आणि त्यांची बारीक कड तयार होत जाते. लगेच बाजूला दुसरा फुगा. पाऊस झालेला असेल तर तेच कुंड पातळ होऊन नुसतं उकळत असतं, कोरडे दिवस असतील तर फुगे जड आणि सावकाश येतात.

लोकांना वाटतं की इथे खाली भरपूर गरम पाणी आहे आणि ते वर येऊन माती भिजवतं. उलट आहे. चिखलकुंड होतं तिथे पाणी कमी असतं. खोलवरचं पाणी वर पोचतच नाही, त्याची फक्त वाफ पोचते. वाफेबरोबर हायड्रोजन सल्फाइड येतो. जमिनीजवळ हवेतला ऑक्सिजन मिळाला की त्याचं गंधकाम्ल होतं. हे आम्ल बेसाल्टसारख्या कणखर खडकाला खात जातं आणि त्याची मऊ चिकणमाती करतं. त्यात पावसाचं थोडं पाणी साचतं, वाफ ते उकळवते आणि कुंड तयार. तो चिखल म्हणजे कुजवलेला बेसाल्ट.

पायवाट सोडू नये याचं कारणही इथेच आहे. आम्लाने आतून पोखरलेली जमीन वरून सुकी आणि टणक दिसते. वरचा कवचासारखा थर बोटभर जाडीचा असू शकतो आणि खाली उकळता चिखल. त्यात पाय गेला तर भाजणं खोल असतं, कारण चिखल कातडीला चिकटून राहतो. लहान मुलांचा हात धरूनच चालावं, कठड्यावर बसवू नये.

आता प्रश्न असा की खोलवर पाणी इतकं गरम असून ते तिथेच वाफ का होत नाही. घरातल्या कुकरमध्ये दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही पाणीच राहतं, तसंच इथे वरच्या पाण्याचा आणि खडकांचा भार दाब देतो. एक किलोमीटर खोलीवर पाणी सुमारे तीनशे अंशांपर्यंत उकळल्याशिवाय राहू शकतं. तिथे २०० अंशांहून जास्त तापमान असलेल्या भागाला आइसलँडमध्ये उच्च तापमानाचं क्षेत्र म्हणतात. असं पाणी वर येऊ लागलं की दाब उतरतो आणि त्याचा काही भाग फटकन वाफ होतो. दाब एकाएकी सुटला तर स्फोट होतो. सेल्तूनमध्ये १९९९ साली एक जुनं बोअरहोल असंच फुटलं आणि मागे मोठा खड्डा ठेवून गेलं.

गीझर का दिसत नाही, असं इथे हमखास कोणीतरी विचारतं. कारंज्यासारखं पाणी उडायला खाली भरपूर पाणी लागतं, अरुंद नळी लागते आणि त्या नळीला सिलिकाचं, म्हणजे वाळूत असतं त्या खनिजाचं, पक्कं अस्तर लागतं. सेल्तूनमध्ये वाफ आहे, तेवढं पाणी नाही. त्यासाठी स्ट्रॉक्कुरला जावं लागतं आणि ते दुसऱ्या दिशेला, दुसऱ्या सहलीत.

समुद्रच आत शिरला तर

द्वीपकल्पाच्या टोकाला गुन्नुक्वेर आहे. सेल्तून आधी बघून इथे आलात तर फरक लगेच जाणवतो. इथली वाफ प्रचंड आहे, आवाज विमानाच्या इंजिनाजवळ उभं राहिल्यासारखा. इथल्या चिखलकुंडाचा व्यास सुमारे २० मीटर. खालचं पाणी पावसाचं नाही, समुद्राचं आहे. अटलांटिकचं खारं पाणी सच्छिद्र लाव्हातून आत झिरपतं, तापतं आणि वर येतं. २००६ साली शेजारी रेक्यानेसचं वीजकेंद्र सुरू झालं. जमिनीखालून पाणी उपसलं जाऊ लागल्यावर तिथला दाब घटला, जास्त पाण्याची वाफ होऊ लागली आणि गुन्नुक्वेर पूर्वीपेक्षा खवळलं. रस्ता आणि बघायच्या जागा हलवाव्या लागल्या. माणसाने खाली हात घातला की वर काय बदलतं, याचं इतकं स्पष्ट उदाहरण क्वचित मिळतं.

गुन्ना नावाच्या बाईच्या भुताची गोष्ट गाइड इथे सांगतोच. ती लोकांना छळत होती, मग एका धर्मगुरूने युक्तीने तिच्या हातात दोऱ्याचं टोक दिलं, गुंडा घरंगळत कुंडात गेला आणि दोरा धरून तीही. वाफेच्या गोंगाटात उभं राहून ऐकली की गोष्ट खरी वाटते.

याच परिसरात जानेवारी २०१७ मध्ये संशोधकांनी ४,६५९ मीटर खोल विहीर खणून पूर्ण केली. तळाशी ४२७ अंश तापमान मिळालं. इतक्या तापमानाला आणि दाबाला पाणी ना द्रव राहतं ना वाफ, दोन्हींच्या पलीकडच्या अवस्थेत जातं आणि त्यात साठलेली ऊर्जा साध्या वाफेपेक्षा कितीतरी जास्त असते. अशा विहिरींतून वीज काढता आली तर थोडक्या विहिरींवर मोठं काम होईल, ही त्यामागची आशा आहे.

स्वार्त्सेंगीचं वीजकेंद्र थोडं अलीकडे. प्रसिद्ध ब्लू लगून हा त्याच केंद्राचा आनुषंगिक परिणाम. निसर्गाने दिलेला झरा तो नाही. १९७६ पासून केंद्रातून बाहेर पडणारं खारं, सिलिकायुक्त पाणी शेजारच्या लाव्हात सोडलं जाऊ लागलं. सिलिकाने लाव्हाची छिद्रं बुजवली, पाणी मुरेना आणि तळं साचलं. त्यातले सिलिकाचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात म्हणून ते दुधाळ निळं दिसतं. डुंबायला मजा येते यात शंका नाही, पण त्यासाठी सहलीतले तीन तास जात असतील तर मी तरी ते दुसऱ्या दिवसावर टाकेन.

आइसलँडमधली दहापैकी नऊ घरं जमिनीखालच्या उष्णतेने उबदार राहतात. हे किती नाजूक असू शकतं ते ८ फेब्रुवारी २०२४ ला कळलं. त्या दिवशीच्या लाव्हाने स्वार्त्सेंगीहून जाणारी गरम पाण्याची मुख्य वाहिनी तोडली आणि कडाक्याच्या थंडीत द्वीपकल्पावरच्या हजारो लोकांची घरं गारठली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लाव्हा ब्लू लगूनच्या वाहनतळावर पसरला. वीजकेंद्राभोवती आणि ग्रिंदाविकभोवती जे उंच मातीचे बांध दिसतात, ते लाव्हाची वाट वळवायला उभारलेले आहेत आणि त्यांनी बरंच काही वाचवलं आहे.

टोकावरून समुद्रात एल्दे नावाचा ७७ मीटर उंच सुळका दिसतो. पूर्वी ग्रेट ऑक हे न उडणारे मोठे पक्षी जवळच्या एका खडकाळ बेटावर राहत. १८३० मध्ये ज्वालामुखीच्या हालचालीत ते बेट बुडालं, उरलेले पक्षी एल्देवर आले. आधीच्या बेटाजवळ होड्या जाणं कठीण होतं, एल्देवर चढता येत होतं. जून १८४४ मध्ये तिथे शेवटची जोडी मारली गेली. किनाऱ्यावर त्या पक्ष्याचा पुतळा एल्देकडे तोंड करून उभा आहे. तिथे दोन मिनिटं जास्त थांबा.

गट लहान का असावा

पन्नास माणसांची बसही याच ठिकाणी जाते, स्वस्तात. मग लहान गटासाठी जास्त पैसे का द्यायचे? सेल्तूनची पायवाट अरुंद आहे आणि वाफेच्या आवाजात दहा पावलांपलीकडचं ऐकू येत नाही. दहा-बारा जण असतील तर गाइड एका कुंडाभोवती सगळ्यांना उभं करून बोलू शकतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बेत बदलता येतो. वारा फिरला आणि वाफ किंवा वायू वाटेवर येऊ लागला तर लहान गट लगेच दुसऱ्या बाजूने जातो. रस्ता बंद झाला तर लहान गाडी आडवाटेच्या थांब्याला जाऊ शकते.

वाऱ्याचा मुद्दा हलका घेऊ नका. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, वारा पडला की तो खोलगट जागी साठतो आणि त्याला वास नसतो. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण फार वाढलं तर नाकच बधिर होतं आणि वास यायचा थांबतो, म्हणजे वास गेला म्हणून धोका गेला असं समजू नये. पायवाटेवर हे प्रमाण सहसा धोक्याइतकं नसतं, पण दमा असेल तर गाइडला आधी सांगून ठेवावं. उद्रेक चालू असताना सल्फर डायऑक्साइडही असतो, तेव्हा वारा जिकडून येतो त्या बाजूला राहणं हाच उपाय.

लहानसहान तयारी थोडी. वारा अडवणारं आणि पाण्याला दाद न देणारं जाकीट, घोटा धरणारे बूट, आत एकावर एक कपडे. चांदीचे दागिने घरी ठेवा, गंधकाच्या वायूने काळे पडतात. वाफेत भिजलेला चष्मा आणि कॅमेऱ्याची काच लगेच मऊ कापडाने पुसा, कारण वाफेतली सिलिका सुकली की डाग बसतो. डिसेंबरात जेमतेम चार-पाच तास उजेड असतो, तेव्हा निघण्याची वेळ बघून घ्या. अर्ध्या थांब्यांना अंधार असेल तर सहलीत अर्थ नाही.

सहल नक्की करण्याआधी विचारावं असं थोडंच आहे. आइसलँडमध्ये एक दिवसाच्या सहली चालवायला पर्यटन मंडळाचा परवाना लागतो आणि सुरक्षेचा लेखी आराखडा ठेवावा लागतो, त्याबद्दल विचारायला संकोच नको. गटात जास्तीत जास्त किती माणसं असतील, प्रत्येक थांब्याला किती वेळ, चालणं किती आणि कसल्या वाटेवर, हे विचारा. आणि मुख्य म्हणजे उद्रेक सुरू झाला किंवा रस्ता बंद झाला तर कुठे नेणार, पैसे परत मिळणार का. यावर तयार उत्तर देणारी माणसं कामाची. 'तसं काही होत नाही' म्हणाले तर दुसरीकडे बघा. आदल्या रात्री आइसलँडच्या हवामान विभागाचा धोक्याचा नकाशा स्वतःही बघून ठेवा. त्यात द्वीपकल्पाचे भाग रंगांनी दाखवलेले असतात आणि परिस्थिती बदलली की तो बदलतो. फोन चार्ज असू द्या, धोक्याच्या सूचना तिथे मोबाइलवर येतात. मदतीसाठी क्रमांक ११२.